चढणीचे वाङ्मय

प्रवासवर्णनाची चाल ही बव्हंशी प्रवाशाच्या वाहनाची चाल असते. पायी चालणाऱ्याचे गद्य मुक्कामांनी मोजले जाते. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या धामधुमीत केलेला व १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला असेल, त्यांस वाटेवरचे गाव, ओळखीचे घर आणि रात्रीचा निवारा यांचे त्यातील महत्त्व सांगावयास नको. आगगाडीने जाणाऱ्याचे गद्य स्थानकांनी तुटते व खिडकीच्या चौकटीत मावेल तेवढेच पाहते. मोटारीत बसणाऱ्यास तर रस्ता म्हणजे मुक्कामाआधीचा एक खोळंबा वाटतो. सायकल, म्हणजे आपल्या वडील पिढीची पायगाडी, या सर्वांहून निराळी आहे. तिचा वेग यंत्राने दिलेला असला तरी त्याची किंमत स्वाराच्या पायांना मोजावी लागते. आणि ही किंमत सर्वांत भारी कोठे पडते, तर डोंगराळ मुलुखात. म्हणून सायकलस्वारांचे वाङ्मय ज्यास पारखावयाचे असेल त्याने सपाटीवरची वर्णने बाजूस ठेवून चढणीवरची वर्णने हाती घ्यावी, असे आम्हांस वाटते.

या वर्णनांस दोन मोह फार लवकर जडतात. पहिला मोह देखाव्याचा. लेखक माथ्यावर पोहोचतो, घाम पुसतो, दरीत पाहतो आणि खालच्या चढाचा सर्व हिशेब विसरून केवळ धुके व हिरवळ यांचे वर्णन करीत सुटतो. दुसरा मोह पराक्रमाचा. येथे डोंगर हा केवळ प्रतिस्पर्धी उरतो. किती उंची, किती वेळ, कितवा क्रमांक, एवढेच त्याच्याविषयी सांगण्यासारखे राहते. या दोहोंत जे हरवते ते असे की, तो डोंगर कोणाचे तरी राहण्याचे ठिकाण आहे आणि तो रस्ता कोणी तरी, कशासाठी तरी, खोदलेला आहे. तेव्हा आमची कसोटी दुहेरी आहे. चढाचा हिशेब लेखकाने प्रामाणिकपणे दिला आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि तो हिशेब देत असता चढावर राहणाऱ्या माणसांकडे पाहण्याइतकी त्याची मान वर राहिली आहे काय, हा दुसरा. या कसोटीवर काही पुस्तके लावून पाहण्याचा येथे विचार आहे.

आरंभ एका अशा पुस्तकापासून करू, की ज्यास वाङ्मय म्हणण्यास पुष्कळांची जीभ अडखळेल. इंग्लंडात सायकलने प्रवास करणाऱ्यांची पहिली मोठी संस्था १८७८ साली स्थापन झाली. धोक्याच्या उतारांवर सायकलस्वारांस सावध करणाऱ्या पाट्या लावण्याचे काम त्या काळी अशा संस्थांनीच केले. पुढे १८९६ साली एडिंबरोच्या हॅरी इंग्लिस यांनी स्कॉटलंडच्या रस्त्यांचे एक मार्गदर्शक पुस्तक काढले. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात रस्ता वरून न दाखविता बाजूने दाखविला होता. प्रत्येक मार्गाची एक रेघ काढून ती जेथे चढते तेथे चढविली, उतरते तेथे उतरविली, आणि खाली चढ पंधरास एक की वीसास एक हे आकडे व रस्त्याच्या स्थितीविषयी दोन-चार शब्द दिले. नकाशात शेजारी दिसणारी दोन गावे या रेघेत एकमेकांपासून किती दूर आहेत, हे पाहताक्षणी कळते. डोंगरातले अंतर मैलांत मोजून भागत नाही, हे सत्य या कोरड्या पुस्तकाने जितक्या स्वच्छपणे सांगितले, तितके अनेक भावगर्भ प्रवासवर्णनांस साधलेले नाही.

ते सत्य केवळ भावनेचे नव्हे. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन धरले आणि घाटाची उंची ५०० मीटर धरली, तर नुसते ते वजन वर नेण्यास सुमारे ३९० किलोज्यूल, म्हणजे ९४ किलोकॅलरींच्या आसपास काम पडते. शरीर आपल्या इंधनाचा जेमतेम चौथा हिस्सा अशा कामी लावू शकते, बाकीचा उष्णता होऊन जातो. तेव्हा प्रत्यक्षात त्याच्या चौपट खर्च होतो. सपाटीवर वेगाने जाणाऱ्याचे मुख्य भांडण वाऱ्याशी असते, व पुढच्या स्वाराच्या पाठीशी राहून ते बरेच टाळता येते. उभ्या चढावर वेग मंदावतो, वाऱ्याचा अडसर नाहीसा होतो आणि उरते केवळ आपले वजन. तेथे दुसऱ्याच्या आडोशाने फारसे काही साधत नाही. चढणीच्या वाङ्मयात जो एकाकीपणा पुन्हा पुन्हा आढळतो, त्याचे मूळ असे पदार्थविज्ञानात आहे.

या वजनाशी कसे वागावे, याविषयी फ्रान्समध्ये एक वाद झाला. तो वरवर पाहता यंत्राचा, पण मुळात नीतीचा वाद होता. सेंत-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही हे 'वेलोसिओ' या नावाने लिहीत व सायकलप्रवासास वाहिलेले एक नियतकालिक चालवीत. गावाबाहेरची ११६१ मीटर उंचीची रेपुब्लिक नावाची खिंड ही त्यांची प्रयोगशाळा. चढासाठी निरनिराळे दाते असलेली चक्रे वापरावी, म्हणजे सामान्य माणूसही डोंगर ओलांडू शकेल, असा त्यांचा आग्रह होता. आणि केवळ प्रौढी मिरविण्यासाठी पायडल मारू नये, असेही ते सांगत. उलटपक्षी, पुढे 'तूर द फ्रान्स' शर्यतीचे जनक ठरलेले आंरी देग्रांज यांनी १९०२ साली असा अभिप्राय दिला की, असली साधने पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. तरुणाने स्नायूंनी जिंकावे. त्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरांस १९३७ सालापर्यंत मज्जाव होता. देग्रांजांस चढ ही परीक्षा हवी होती, तर वेलोसिओंस ती वाट हवी होती. सायकलीचे पुढील सर्व वाङ्मय या दोन पंथांत विभागले गेले आहे, असे म्हटले तरी चालेल.

परीक्षेच्या पंथाचा आजवरचा श्रेष्ठ ग्रंथ आमच्या मते टिम क्राबे या डच लेखकाची १९७८ सालची कादंबरी होय. 'द रायडर' या नावाने सॅम गॅरेट यांनी २००२ साली तिचे इंग्रजी भाषांतर केले. क्राबे हे नाणावलेले बुद्धिबळपटू. शर्यतीची सायकल त्यांनी तिशीच्या सुमारास हाती घेतली. कादंबरीत दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांतील एका दिवसाच्या काल्पनिक शर्यतीची कथा आहे. मेरुएस या खेड्यातून निघून, चुनखडीची ओसाड पठारे व खोल दऱ्या ओलांडून, १५६५ मीटरांच्या एग्वाल पर्वतावरून परत, असा तिचा मार्ग. आणि प्रकरणांऐवजी आहेत ते किलोमीटरांचे आकडे. दुसरे कथानक नाही. कोण पुढे निघाला, कोण मागे राहिला, कोणी केव्हा ढोंग केले, एवढ्यावर सबंध पुस्तक उभे आहे. तरीही ते हातातून सुटत नाही. बुद्धिबळात प्रतिपक्षाच्या मनातील चाल ओळखावी तशी येथे प्रतिस्पर्ध्याच्या श्वासावरून त्याची शिल्लक ओळखली जाते.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण त्याचा निर्दय खरेपणा. श्रमात माणसाची बुद्धी तीक्ष्ण होते व त्यास उदात्त विचार सुचतात, अशी पुष्कळांची समजूत असते. क्राबे सांगतात ते नेमके उलट: श्रम वाढतो तसे मन आकसते, एखाद्या गाण्याचा तुकडा किंवा आकड्यांचा खेळ यांपलीकडे तेथे काही मावत नाही. त्यातच त्यांनी झाक आंकतील या विख्यात शर्यतपटूची एक गोष्ट दिली आहे. हा गृहस्थ म्हणे चढ लागला की पाण्याची बाटली सायकलीवरून काढून पाठीच्या खिशात ठेवी, म्हणजे सायकल हलकी होई! वर दिलेला वजनाचा हिशेब ज्याने वाचला तो यावर हसेल. कारण बाटली खिशात गेली तरी चढून न्यावयाची ती पायांनीच. क्राबे हसत नाहीत. दुःख सोसण्यासाठी माणसाला एक श्रद्धा लागते व ती खरी असण्याची आवश्यकता नसते, हे ते यातून दाखवितात. पुढे आंकतीलच्या जुन्या छायाचित्रांत बाटली चढावरही सायकलीलाच लावलेली आढळते, ही नोंदही ते करतात. आणि तरीही गोष्ट सोडून देत नाहीत. कथेचे सत्य व छायाचित्राचे सत्य यांची अशी शांतपणे मांडणी करणारा लेखक सामान्य नव्हे.

परंतु आमच्या दुसऱ्या प्रश्नास हे पुस्तक उतरत नाही. आरंभीच, शर्यतीपूर्वी सायकलीची जुळवाजुळव करीत असता, कथानायक आजूबाजूस बसलेल्या प्रवाशांकडे व गावकऱ्यांकडे पाहतो, आणि जे शर्यतीत नाहीत त्यांच्या आयुष्याची पोकळी त्यास धक्का देते. हे वाक्य उपरोधाचे आहे, अशी क्राबेंच्या चाहत्यांची तोड असते, व ती काही अंशी खरीही असेल. तथापि पुढील सर्व किलोमीटरांत ती पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न कोठे आहे? रस्त्याकडेचे खेडे येते ते चढ संपल्याची खूण म्हणून. माणूस येतो तो टाळी वाजवणारा वा पाणी देणारा म्हणून. डोंगराचा कोन आम्हांस अंशागणिक कळतो, पण डोंगर कोणाचा हे कळत नाही. शर्यतपटूस ते पाहण्यास सवड नसते, हे आम्ही मान्य करतो. परंतु ग्रंथकार शर्यतीनंतर, मेजापाशी बसून लिहितो, आणि आंकतीलच्या बाटलीसाठी ज्यास सवड सापडली त्यास एग्वालखालच्या मेंढपाळासाठी ती सापडू नये, ही निवड आहे. आणि निवडीबद्दल लेखकास विचारणे हे टीकेचे कामच आहे.

हा आक्षेप अवाजवी नाही, हे दाखविण्यासाठी त्याच डोंगरांतील दुसरा प्रवासी पुढे आणतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८७८ च्या शरदात मोदेस्तीन नावाच्या गाढवीसह बारा दिवसांत हाच मुलूख उत्तर-दक्षिण ओलांडला व पुढल्याच वर्षी त्यावर छोटेखानी पुस्तक लिहिले. त्याच्या वाटेवरचे फ्लोराक हे गाव क्राबेंच्या मेरुएसहून एका खिंडीपलीकडे आहे. स्टीव्हन्सन सायकलस्वार नव्हता. पण चढाची किंमत त्यासही रोज चुकवावी लागली, कारण गाढवी चढावर आपल्याच मर्जीने चाले. त्या संथपणामुळे तो लोकांच्या तावडीत सापडला, व सापडला म्हणून त्याने ऐकले. १७०२ साली याच डोंगरांतील प्रॉटेस्टंट शेतकरी व लोकर पिंजणारे यांनी चौदाव्या लुईच्या फौजांविरुद्ध जे बंड केले, त्याच्या आठवणी दरीदरीतून अजून जाग्या आहेत, हे त्याला उमगले. त्याच्या पुस्तकात डोंगराचे चढ आणि माणसांचा हट्ट एकाच दगडातून घडल्यासारखे वाटतात. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुक्या जनावरावर छडी चालवून त्याने आपल्या चढाचा बराच भार दुसऱ्याच्या पाठीवर टाकला. त्याचा हिशेब विनोदात बुडवून तो मोकळा होतो. त्या बाबतीत क्राबेंचा हिशेब अधिक चोख आहे.

या दोन पुस्तकांच्या मध्ये जी शंभर वर्षे गेली, त्यांत त्या डोंगरांचे काय झाले, हे दोहोंपैकी एकातही नाही. पण डोंगरी रस्त्याच्या रसिकाने ते जाणले पाहिजे. लोझेर हा त्या भागाचा जिल्हा. १८५१ साली त्याची लोकवस्ती १ लाख ४४ हजारांवर होती. आज ती ८० हजारांच्याही आत असून मुख्य फ्रान्समध्ये एवढ्या थोड्या वस्तीचा दुसरा जिल्हा नाही. दक्षिणेकडील उतारांवर तुती व चेस्टनट यांची पायरीशेती होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशमाच्या किड्यांवर असा रोग पडला की १८६५ साली पाश्चर यांस त्याच्या शोधार्थ तिकडे यावे लागले. किडा पुढे वाचला, पण गेलेली भरभराट परतली नाही. माणसे खाली खाणींकडे व शहरांकडे उतरली. पायऱ्यांचे दगडी बांध ढासळत राहिले, आणि मागे उरले ते उत्तम बांधलेले निर्मनुष्य रस्ते. १९७० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०११ साली युनेस्कोने शेती व मेंढपाळी यांनी घडविलेला मुलुख म्हणून त्यास जागतिक वारशाचे स्थान दिले.

आता कोणतीही सायकलमार्गांची पुस्तिका उघडावी. अशा रस्त्यांची पहिली स्तुती अशी असते की, येथे रहदारी नाही, येथे शांतता आहे. ती स्तुती खोटी नाही. सायकलस्वारास निवांत रस्ता प्रिय असावा हे स्वाभाविकच आहे. पण त्या निवांतपणास कारण आहे, आणि ते कारण म्हणजे पुष्कळ घरांची बंद दारे. जो लेखक शांततेचे वर्णन करतो व तिचे कारण सांगत नाही, तो अर्धाच रस्ता वर्णितो. आमच्या मते चढणीच्या वाङ्मयाची खरी अडचण येथे आहे. आपले श्रम त्यास दिसतात, पण ज्या श्रमांनी तो उतार शेतीयोग्य केला व तो रस्ता बांधला, ते दिसेनासे झाले आहेत.

वाटेच्या पंथातील एक लेखिका या अडचणीतून पुष्कळशी पार पडली. आयर्लंडातील लिझमोरच्या डर्व्हला मर्फी (१९३१–२०२२) यांस दहाव्या वाढदिवशी एक सायकल व एक नकाशांचे पुस्तक मिळाले, आणि त्या लहान वयातच त्यांनी हिंदुस्थानपर्यंत सायकलने जाण्याचा निश्चय केला. आजारी आईची दीर्घ शुश्रूषा संपल्यावर १९६३ च्या जानेवारीत त्या निघाल्या व त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दिल्लीस पोहोचल्या. त्यावरचे 'फुल टिल्ट' हे पुस्तक १९६५ साली आले. आशियातल्या रस्त्यांवर नाजूक यंत्र टिकणार नाही म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी सायकलीचे गिअर काढून टाकले होते! वेलोसिओंस हे ऐकून खेद झाला असता. पण मर्फींचा हेतू देग्रांजांचा नव्हता. चढ आला की त्या खुशाल उतरून सायकल ढकलीत, आणि ४१०० मीटरांहून उंच असलेल्या बाबूसर खिंडीत तर सायकलीनेच त्यांच्यावर स्वारी केली असे म्हणावे लागेल. या ढकलण्यात त्यांना लाज वाटत नाही, म्हणून बढाईलाही जागा उरत नाही. दमलेला माणूस पाणी मागतो, निवारा मागतो. मागणाऱ्यास देणाऱ्याचे घर दिसते. मर्फींच्या पुस्तकातील अफगाण व काश्मीरकडील खेडी जिवंत आहेत ती अशी. चढाने त्यांस लोकांवर अवलंबून राहावयास शिकविले आणि त्यांनी ते ऋण कागदावर नोंदविले.

त्यांचाही दोष आहेच. जेथे मोटाररस्ता, कारखाना वा परदेशी वस्तू पोहोचली तेथे मर्फी कष्टी होतात. जुने जीवन जसेच्या तसे राहावे असे त्यांस वाटते. पाहुण्यास अशी इच्छा धरणे सोपे असते. ज्या बाईस रोज तोच चढ डोक्यावर ओझे घेऊन चढावा लागतो, तिला खिंडीपर्यंत पक्का रस्ता हवा की नको, हे तिलाच विचारले पाहिजे. तथापि मर्फींनी निदान ती बाई आपल्या वहीत आणली, आणि म्हणूनच आज आपण तिच्या वतीने लेखिकेशी वाद घालू शकतो. क्राबेंच्या पुस्तकात असा वाद घालण्यासही कोणी नाही.

ही चर्चा मराठी वाचकापुढे मांडण्याचे कारण उघड आहे. सह्याद्रीच्या घाटांत हल्ली पुण्या-मुंबईकडचे सायकलस्वार मोठ्या हौसेने जातात. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी ही नावे पूर्वी कोकणात उतरणाऱ्यांच्या तोंडी असत, ती आता त्यांच्याही तोंडी आहेत. आणि त्यांपैकी काही जण लिहितातही. हे लेखन वाढावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. परंतु सेव्हेनच्या डोंगरांची कथा आपल्यास परकी वाटण्याचे कारण नाही. कोकणातील कितीतरी घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली व कितीतरी घरांना पुढे कुलपे लागली. घाटाखालच्या सुंदर, शांत रस्त्यांची शांतता काही अंशी त्याच जातीची आहे. पावसाळ्यातला धबधबा वर्णिणाऱ्याने बंद घराच्या पडवीकडेही एकदा पाहावे, इतकेच आमचे मागणे.

बोरघाटाचे उदाहरण पुरेसे आहे. १८३० साली त्या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तो प्रथम चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा मान देण्याचा प्रघात आहे, आणि तो मान कष्टाचा असल्याने आम्ही त्यास कमी लेखीत नाही. पण त्याच रस्त्यावर शिंगरोबाचे एक लहानसे देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. घाटातून मार्ग कोठून काढावा हे इंग्रजांना त्याने दाखविले व बक्षिसाऐवजी त्यास प्राण गमवावे लागले, अशी त्याची आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. आंकतीलच्या बाटलीप्रमाणे तीही एक श्रद्धेची गोष्ट असेल. मात्र लोकांनी ती जपली, ती एवढ्यासाठी की, चढणीची वाट प्रथम ज्याच्या पायांना ठाऊक होती त्याचे नाव घाटात राहावे. मराठीत चढणीचे वाङ्मय लिहू इच्छिणाऱ्याने इंग्लिसांची चढउतारांची रेघ व क्राबेंचा चोख हिशेब अवश्य घ्यावा. पण त्या रेघेवर घाटाच्या राजाची जागा दाखविताना शिंगरोबाचे देऊळही जेथल्या तेथे दाखवावे.